सतरावी ओळ

बिस्मार्कमध्ये नोव्हेंबर सरत आला
की मिसुरी नदी कडेकडेनं गोठू लागते,
मधला प्रवाह तेवढा काळा, वाहता.
महाधिवक्त्यांच्या कार्यालयात
माझ्या टेबलावर येणारी भांडणं साधीच असतात:
कुणीतरी कागद मागितला,
कुणीतरी दिला नाही.

या खेपेला मागणारे ऑर्विल शॅट्झ.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
आता गुडघे गेलेत, वेळ उरलाय.
रेघांच्या कागदावर पेन्सिलीनं दाबून लिहिलंय:
"प्रत्येक गावची मोजणी हवी,
यंत्रातून निघाली तशी.
कोंबडं झाकलं तरी
उजाडायचं राहत नाही, बाईसाहेब."

खरंय त्यांचं.
काउंटीच्या कारकुनानं त्रेचाळीस ओळी दिल्या,
सतरावीवर फक्त
शाईचा जाड पट्टा.

मी मूळ प्रत मागवली.
सीलबंद पाकीट, दोन सह्या.
हार्टविक टाउनशिप, टपालानं आलेली मतं.
एकूण: एक.

टपालानं मत कुणी पाठवलं
ही यादी मागेल त्याला मिळते.
हार्टविकच्या यादीत नाव एकच.
रोझेला क्विकस्टाड, वय सत्त्याऐंशी.

मी रकाना वाचला.
वाचला नसता तर बरं झालं असतं.
तिचे दोन्ही मुलगे, चर्चमधली बाकं,
धान्याच्या कोठारावर लावलेला तो
ट्रकएवढा फलक,
सगळं एका बाजूला.
आणि ही पलीकडच्या रकान्यात.
तिची मतपत्रिका मी पाहिलेली नाही.
तरी दिसली:
स्वयंपाकघरातलं टेबल, नाकात ऑक्सिजनची नळी,
कडेच्या बाहेर न जाता
सावकाश भरलेला एक गोल.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
मत म्हणजे ती मूठ
आणि मोजणी म्हणजे उघडा तळवा.
हात मात्र एकच,
हे कायद्याच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

चार दिवस फाइल तशीच.
साहेबांनी समासात एवढंच लिहिलं:
"काळं करू नका. काळं केलं की
लोक काळंच बघत बसतात."
आणि कारण लिहायला घेतलं
तर कारणच बोट दाखवतं
त्या घराकडे, जिथे पोस्टमन
दाराशी थांबून खोकला ऐकतो.

शेवटी अभिप्राय दिला.
पट्टा पुसा.
सतरावी ओळ अठरावीत मिळवा,
हार्टविकच्याच, केंद्रावर पडलेल्या मतांत.
बेरीज एका मतानंही हलता कामा नये.

नवा कागद आला. हार्टविक:
दोनशे एक. नऊ.

नऊ!
मी खुर्चीत मागे टेकले.
म्हणजे आणखी आठ जण,
त्याच बाकांवर बसणारे, तोच फलक रोज ओलांडणारे,
पडद्याआड जाऊन आले
आणि घरी जाऊन काही न बोलता जेवले.
रोझेलाबाई हा कागद बघतील का, ठाऊक नाही.
मी कळवू शकत नाही.
कळवणं माझ्या कामात बसत नाही.

शुक्रवारी शॅट्झ यांचा फोन.
"बेरीज केली. दोनदा. जुळते."
मग बराच वेळ नुसता श्वास,
मागे कुठेतरी कुत्रं पाणी पितंय.
"पण आधी त्रेचाळीस ओळी होत्या.
आता बेचाळीस.
एक गेली कुठे?"

गेली नाही, म्हटलं. शेजारी बसलीय.

"का?"

ते सांगता येणार नाही.

"म्हणजे काहीतरी आहे."

खिडकीखाली झाडूवाला मीठ पसरत होता,
पायऱ्यांवर, मुठीमुठीनं.
नाही म्हणणं किती सोपं होतं.

आहे, म्हटलं.

पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.
"बरं," ते म्हणाले. "निदान आहे म्हणालात.
सोमवारी परत फोन करीन."

सोमवारी त्यांनी केला.